आपोआप काहीच पोचत नव्हतं

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास की आपले ईमेल तेव्हाही आपोआपच जायचे, फक्त जरा उशिरा. मला ते अजिबात पटलं नाही, पण फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहायला बसलोय. आपोआप काही नव्हतं रे.

आठव, १९८९-९० चा काळ, तू तिकडे युनिव्हर्सिटीच्या आयबीएम मेनफ्रेमवर, म्हणजे बिटनेट या युनिव्हर्सिट्यांच्या नेटवर्कवर, आणि मी मुंबईत युनिक्स मशीनवर, आमचा सगळा कारभार यूयूसीपीचा, म्हणजे मोडेमने पुढच्या मशीनला फोन लावायचा, साठलेली मेल द्यायची, त्याच्याकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा. तुला मेल टाकायची तर तुझा पत्ता नुसता माहीत असून भागायचं नाही, रस्ता लिहावा लागायचा, म्हणजे मधल्या एकेका मशीनचं नाव ओळीने. आधी जुहूच्या एनसीएसटी या संस्थेचं शक्ती नावाचं मशीन, मग उद्गारचिन्ह, मग अमेरिकेतलं यूयूनेट, परत उद्गारचिन्ह, मग न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं क्युनीव्हीएम, जिथून बिटनेटमध्ये शिरता यायचं, आणि शेवटी तुझं लॉगिन, टक्क्याचं चिन्ह, तुझ्या मशीनचं नाव, डॉट बिटनेट. त्यात चुकून ॲटचं चिन्ह घातलं की पंचाईत, कारण यूयूसीपीवालं मशीन डावीकडून वाचायचं आणि इंटरनेटवालं आधी ॲटच्या उजवीकडे बघायचं, म्हणजे एकच पत्ता आणि रस्ते दोन.

आणि दिलप्या ब्रिटनला गेला तेव्हा तर अजून मजा, तिथल्या जॅनेट या युनिव्हर्सिट्यांच्या नेटवर्कवर पत्ते उलटे, यूके आधी आणि डिपार्टमेंट शेवटी. असा पत्ता कुठे न उलटवता बाहेर पडला तर शेवटचं सीएस, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, ते बाहेरच्या मशीनला चेकोस्लोव्हाकिया वाटायचं, कारण त्या देशाचा कोडही सीएसच!

मी तुला पाठवलेला तो सी प्रोग्रॅम आठवतो का? तुझ्याकडे पोचला तेव्हा चौकोनी कंसांच्या जागी भलतीच अक्षरं होती आणि लांब ओळी ऐंशी अक्षरांवर तुटल्या होत्या. तुझ्या मेनफ्रेमचा अक्षरं साठवायचा कोड एब्सिडिक, माझा आस्की, दोन नेटवर्क जोडणाऱ्या मधल्या मशीनवर, म्हणजे गेटवेवर, एकाचं दुसऱ्यात रूपांतर व्हायचं आणि कंसांचे कोड सगळीकडे एकसारखे नव्हतेच. आणि ऐंशी का, तर पंचकार्डावर ऐंशीच रकाने, कार्डं गेली तरी हिशोब तोच राहिला. आपलं रोमनमधलं मराठी मात्र सुखरूप पोचायचं, त्यात कंस कुठे होते!

मला खरं सांगायचंय ते या मधल्या लोकांबद्दल. इलिनॉयमध्ये बेल लॅब्सचं आयएचएनपी४ नावाचं मशीन होतं, ते वर्षानुवर्षं कुणाकुणाची मेल फुकट पुढे ढकलत होतं, फोनचं बिल त्यांचं आणि पत्र आपल्यासारख्या परक्यांचं. रिक ॲडम्स आधी सिस्मो नावाचं असंच मेल पुढे पाठवणारं मशीन चालवायचा, तिथला भार फार झाला तेव्हा १९८७ मध्ये त्याने यूयूनेट उभं केलं. हनीमन आणि बेलोविन यांनी पाथअलायस हा प्रोग्रॅम लिहिला, तो कुठलं मशीन कुणाला फोन लावतं याच्या याद्या वाचून रस्ता काढून द्यायचा, पण त्या याद्या प्रत्येक ठिकाणच्या कुणीतरी माणसाने हाताने भरलेल्या असायच्या! एरिक ऑलमनचं सेंडमेल हे मेल पोचवायचं सॉफ्टवेअर असे नाना तऱ्हेचे पत्ते एकमेकांत बदलायचं, आणि त्याचे नियम आमच्याकडे एकच जण लिहू शकायचा, तो रजेवर गेला की सगळे धास्तावलेले. यातल्या बहुतेकांना आपण कधी भेटलो नाही, आणि तुझ्या आईच्या ऑपरेशनची बातमी यांच्याच मशीनमधून तुझ्यापर्यंत आली. म्हणून आपोआप म्हटलंस ते लागलं मला.

तुझ्याकडे तेव्हाचे प्रिंटआउट आहेत म्हणालास ना, ते हेडरसकट, म्हणजे मेलच्या वरच्या तांत्रिक ओळींसकट, स्कॅन करून पाठव. वरच्या त्या रिसीव्हडच्या ओळी आपण तेव्हा न वाचताच सोडायचो, त्यात मधल्या मशीनची नावं आहेत. मला ती सगळी उतरवून काढायचीत. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विन्या