ग्रिलच्या जाळीसाठी मेपलचं उलथनं

चि. सई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

अंगणातल्या ग्रिलची जाळी तू तारेच्या ब्रशने घासतेस, तो ब्रश आधी टाकून दे. त्याच्या तारा तुटून जाळीला चिकटतात आणि खाण्यातून घशात नाहीतर आतड्यात रुततात. 2012 साली सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने, तिथल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या अशा सहा रुग्णांची नोंद छापली होती. त्यापेक्षा जाळी खरवडायला लाकडी उलथनं कर; वापरता वापरता त्याच्या कडेला गजांच्या खाचा पडून दात तयार होतात.

लाकूड हार्ड मेपलचं घे. ‘एक बाय चार’ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद भरते, तीच हवी. पाइन नको, त्यातली राळ तापली की पाझरते. प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे दाबाने रसायनं मुरवलेलं लाकूड तर अन्नाजवळ आणूच नकोस.

20 इंचांचा तुकडा काप, पण लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेनेच हवेत. हे चुकलं तर सगळी मेहनत फुकट जाते, कारण आडव्या रेषांवर पडलेले दात जोर लागताच ढलपीसारखे निघून येतात. पुढचे 7 इंच पूर्ण रुंदीचे ठेव, मागे दीड इंच रुंद दांडा काढ. रुंद भाग दांड्याला मिळतो त्या खांद्याला गोलाई दे. काटकोन ठेवलास तर चीर तिथूनच जाते. टोकाला दीड इंचात रंध्याने उतार दे, कड एक सूत (इंचाचा आठवा भाग) जाड राहू दे. धार काढलीस तर ती जळून जाईल.

दात करवतीने पाडायचे नाहीत, ते काम जाळीच करते. झाकण लावून ग्रिल 15 मिनिटं तापव, ज्वाळा बसू दे. मग कड तिरकी दाबून गजांच्या दिशेने पुढे-मागे ने. धूर येईल, कड काळी पडेल आणि गजागणिक खाच उमटत जाईल. पेटलीच तर ओल्या फडक्यात दाब. पुढे खाचा अर्ध्या इंचाहून खोल गेल्या की दात मोडायला लागतात; तेवढं टोक कापून पुन्हा उतार दे.

वॉर्निश नको. दांड्याला फूड-ग्रेड मिनरल ऑइल चोळ, कड कोरडीच ठेव. डिशवॉशरमध्ये घालू नकोस, लाकूड फुगून तडकतं.

ग्रिलच्या बाजूच्या टेबलाला सीडारचं लाकूड चालेल. दोन फळ्यांत दोन सूत फट ठेव म्हणजे पाणी निथळेल. स्क्रू स्टेनलेसचेच वापर. साध्या लोखंडाभोवती सीडार काळा पडतो. वरून जवसाचं तेल लावलंस तर फडकी चुरगाळून टाकू नकोस, ती आपोआप पेटतात. बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळव, मगच कचऱ्यात टाक.

तुझी,
आई