आप्पामामाचं सांगितलंस का?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आपटला, चुकलं माझं. चष्म्याचा नंबर घालवायला तू लेसर करतेयस, त्याला माझा विरोध नाही. पैसे तू साठवलेस, डोळे तुझे. एकच विचारायचं राहिलं. आप्पामामाच्या डोळ्यांचं डॉक्टरांना सांगितलंस का?

घरात कुणाला डोळ्यांचा आजार आहे का, असं विचारल्यावर तू ‘नाही’ म्हणाली असशील. त्याला नुसता मोठा नंबर नाही गं, केराटोकोनस आहे. बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. घराण्यात असलं की जपावं लागतं. आणि तूही त्याच्यासारखीच, चष्मा कपाळावर सरकवून मुठीने डोळे चोळत बसतेस. नको चोळूस.

लेसरने बुबुळच तासतात. त्याची जाडी ती केवढी, साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. नंबर मोठा तितकं जास्त तासायचं, आणि तुझा ५.५. मुळात बुबुळ कमकुवत असेल तर नंतर ते फुगत जातं. म्हणून आधी टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या आकाराचा नकाशा काढतात ती तपासणी. त्याच्या आधी एक-दोन आठवडे लेन्स घालू नकोस, मापं चुकतात. आणि गेल्या दिवाळीत नंबर ५ होता ना? तो वर्षभर तरी थांबलेला हवा.

बघ, शिकवायचं नाही असं ठरवून बसले होते. रागावू नकोस.

तालुक्याची कबड्डीची मॅच आठवते? चष्मा माझ्या हातात देऊन मैदानात उतरलीस. म्हटलं, दिसेल का? तर म्हणालीस, “दम ऐकू येतो की!” आणि कोपऱ्यातून त्या उंच पोरीचा घोटा असा धरलास! मी चष्मा इतका आवळून धरला होता की काडीच वाकली. तुला चष्म्याविना खेळायचंय, ते मला कळतं गं.

कबड्डीचंही डॉक्टरांच्या कानावर घाल. लॅसिकमध्ये बुबुळाचा पातळ पापुद्रा उचलतात, जोराचा मार बसला तर तो सरकू शकतो. पापुद्रा न उचलता करतात ती पीआरके. दुखतं जास्त, दिसायलाही वेळ लागतो, पण विचारून तर बघ. मामाचं मात्र आधी सांग.

शनिवारी तपासणीला मी येतेय. थेंब घातल्यावर अंधूक दिसतं, गाडी नेऊ नकोस, रिक्षाने जाऊ. मामीने मामाची जुनी फाईल काढून ठेवलीय, ती पिशवीत घातली आहे. पहिल्या एसटीने निघते.

तुझी,
आई