शटरला मोटर घेताना मोबाइलच्या आधी हे विचारा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात हल्ली मोबाइलवर उघड-बंद होणाऱ्या शटरच्या जाहिराती येतात. दसरा-दिवाळीला त्या जास्तच असतात, कारण आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीचा पैसा तेव्हाच हातात येतो आणि घराचं राहिलेलं काम निघतं. मी वीज मंडळात तारतंत्री म्हणून लागलो आणि महावितरणमधून निवृत्त झालो. विजेची कोणतीही वस्तू घ्यायची तर गावातली, शेजारच्या गावांतली मंडळी आधी माझ्याकडे विचारायला येतात. ‘काकाजी, शटरले मोबाइलवाली मोटर बसवाची हाय, कोनती घेऊ?’ हा यंदाचा प्रश्न आहे. जाहिरातीत त्याचं उत्तर नसतं. तिथे ॲपचं चित्र असतं, किंमत असते, हप्त्यांची सोय असते. म्हणून हे पत्र.

ही चैन आहे असं मला वाटत नाही. दहा फुटी शटर वाकून, कडी धरून उचलणं साठीच्या बाईला झेपत नाही, आणि आमच्या भागात बऱ्याच घरी आता म्हातारीच माणसं उरली आहेत. मुलं पुण्याला, नागपूरला. २०१८ च्या नोव्हेंबरात अवनी वाघीण मारली गेली ती आमच्याच राळेगाव तालुक्यात. त्याआधी अंधार पडल्यावर गाडीतून उतरून शटरपाशी वाकायला माणसं धजत नव्हती. गाडीत बसल्या जागेवरून दार उघडावं ही गरज खरी आहे, म्हणूनच वस्तू पारखून घेतली पाहिजे.

मोबाइलवर जे व्हिडिओ दिसतात त्यांतलं दार बहुधा अमेरिकेतलं असतं. रुंद आडव्या फळ्यांचं, रुळावरून वर जाऊन छताखाली आडवं होणारं, आणि त्याला ओढणारी मोटर छताला टांगलेली. आपलं शटर पट्ट्यांचं, वर पाइपावर गुंडाळलं जाणारं. ती मोटर त्याला बसतच नाही. शिवाय तिकडची घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तेव्हा परदेशातल्या मुलानं प्रेमानं पाठवतो म्हटलं तरी त्याला नको म्हणा. आपल्या स्प्रिंगच्या शटरला पाइपाच्या मध्यावर बसणारी सेंट्रल मोटर लागते, साखळीच्या मोठ्या गिअर शटरला बाजूची. मोटरवर ३००, ५००, ८०० किलो अशी क्षमता लिहिलेली असते. ती निवडण्याआधी स्प्रिंग बघा. शटर हातानं अर्ध्यावर नेऊन हळूच सैल सोडलं तर ते तिथेच राहायला हवं. ते धाडकन खाली येत असेल तर आधी मिस्त्रीला बोलवा, नाहीतर सगळं वजन मोटरीवर येतं.

व्होल्टेजबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. रब्बीत गहू-हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की आमच्या गावात व्होल्टेज १८० पर्यंत उतरलेलं मी मीटरवर कितीदा तरी पाहिलं आहे. एसी मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे २३० ऐवजी १८० मिळालं तर जोर साठ टक्क्यांच्या आसपासच उरतो. मोटर नुसती गुणगुणते, तापते, आतला तापमानावर चालणारा थर्मल स्विच तिला बंद पाडतो, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ती लवकर थंडही होत नाही. शटरच्या वजनाला जेमतेम पुरेल अशी मोटर शहरात चालून जाईल. खेड्यात एक पायरी वरची घ्या.

आता मला सगळ्यांत जास्त काळजी ज्याची वाटते ते. लाईन गेल्यावर हे दार कसं उघडणार?

आपल्याकडे शटरच्या खोलीत वर्षभर गाडी नसते. भाव येईपर्यंत तीच खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असते आणि वरच्या मजल्यावर घरची माणसं झोपलेली असतात. कापसाची आग आतल्या आत धुमसते. वरून विझली असं वाटतं आणि गंजीच्या पोटात ती जिवंत असते, त्यामुळे कापूस बाहेर ओढून काढावाच लागतो. अशा वेळी पहिलं काम मेन स्विच पाडायचं. मेन पाडला की मोटर बंद, ॲप बंद, वाय-फायही बंद. मग शटर हातानंच उघडायचं. सेंट्रल मोटरला ब्रेक सोडवायची तार असते, पण ती सहसा खोलीच्या आत लोंबत असते. खोलीला दुसरं दार नसेल तर बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती ती लागणार कशी? ती तार बाहेर काढून कुलूपबंद छोट्या पेटीत ठेवून घ्या, किंवा बाहेरून किल्लीनं सुटणारी मोटर मागा, किंवा खोलीला घरातून एक दार ठेवा. या तीनपैकी एकही होत नसेल तर मोटर बसवू नका, असं मी स्पष्ट सांगतो. आणि ती तार कशी ओढायची हे सुनेला, नातवंडांना, गड्याला प्रत्यक्ष करायला लावा.

ही भीती माझ्या मनातली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये वणवे पेटले, वीज गेली आणि काही जणांना गॅरेजचं दार उघडता न आल्यानं जीव गमवावा लागला. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून नव्या मोटरीला बॅटरीची सोय सक्तीची झाली. आपल्याकडेही बॅटरीवर चालणाऱ्या २४ व्होल्टच्या डीसी मोटरी मिळतात. महाग असतात, पण ज्या गावात अवकाळी वाऱ्यानं खांब पडले की रात्र-रात्र लाईन येत नाही तिथे तो खर्च वाया जात नाही. घरातल्या साध्या इन्व्हर्टरच्या भरवशावर एसी मोटर घेऊ नका. मोटर सुरू होताना चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो.

दुसरा प्रश्न लेकरांचा. माझा नातू तीन वर्षांचा आहे. खाली येणारं शटर दिसलं की त्याखालून पळत सुटायचं, हा त्याचा खेळ. शटर हातानं ओढणारा माणूस निदान समोर उभा असतो, त्याला दिसतं. मोबाइलवर बटण दाबणारा वावरात असतो. अमेरिकेत लहान मुलं अशा दारांखाली चिरडून मेली, तेव्हा १९९३ पासून घरगुती मोटरींना नियम लागला: दार कशाला टेकलं तर ते आपोआप उलट फिरलं पाहिजे, आणि त्याशिवाय उंबऱ्याजवळ अडथळा ओळखणारा सेन्सर हवा. दाराच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसणारे हे डोळे जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर नसावेत, नाहीतर रांगतं मूल त्यांच्याखालून जातं. आपल्या बाजारातल्या कित्येक स्वस्त सेंट्रल मोटरींना नुसता लिमिट स्विच असतो. शटर ठरवून दिलेल्या जागी आलं की थांबायचं, एवढंच त्याला कळतं. मध्ये काय आलं आहे हे त्याला कळत नाही. सेन्सर बसवायला लावाच. वेचणीच्या दिवसांत सरकीचा तूस, धूळ, कोळ्याची जाळी त्यावर बसते, ती फडक्यानं पुसत जा. सेन्सर बसेपर्यंत नियम एकच ठेवा: मोबाइलवरून उघडा, पण बंद करताना समोर उभं राहा. ठरावीक वेळानं शटर आपोआप बंद करण्याची सोय सेन्सर नसताना कधीच चालू करू नका.

अर्थिंगबद्दल मी नेहमीच बोलतो, इथेही बोलतो. शटर लोखंडाचं, जमीन पावसात ओली, पाय अनवाणी. मोटरीच्या वायरचं इन्सुलेशन उंदरानं कुरतडलं तर अख्ख्या शटरमध्ये करंट उतरतो. मोटरीला वेगळी अर्थिंग वायर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), याशिवाय तारतंत्र्याला काम संपलं असं म्हणू देऊ नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा. कोरड्या काळ्या मातीला भेगा पडल्या की अर्थिंग नावालाच उरतं.

मोबाइलचं मी शेवटी ठेवलं, कारण ते खरंच शेवटचं आहे. बहुतेक उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात आणि लोखंडी शटर, टिनाचं छत सिग्नल अडवतं, तेव्हा घेण्याआधी त्याच जागी उभं राहून फोनवर रेंज बघा. रिमोट ‘रोलिंग कोड’चा आहे का ते विचारा, त्यात दर वेळी नवा संकेत जातो, कुणी एकदा पकडून ठेवला तरी पुन्हा चालत नाही. लाईन परत आल्यावर मोबाइलवरून मोटर चालवणारा स्मार्ट स्विच आपोआप चालू होत नाही ना, हे मेन पाडून-चढवून तपासा. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं एका कंपनीच्या अशा उपकरणांबद्दल इशारा दिला होता. सगळ्या उपकरणांचा आतला पासवर्ड एकच निघाला होता, म्हणजे परक्या माणसाला दुसऱ्याचं दार दूरवरून उघडता येत होतं. इंटरनेट नसतानाही साध्या बटणावर आणि रिमोटवर चालेल अशीच मोटर घ्या. आणि गडी बदलला की त्याच्या फोनवरचं ॲपचं खातं त्याच दिवशी काढून टाका.

शासनाला माझी मागणी आहे की सेन्सर आणि हातानं उघडण्याची सोय नसलेली शटर मोटर घरगुती वापरासाठी विकूच देऊ नये. तसा नियम होईपर्यंत आमच्या भागातल्या विक्रेत्यांना हात जोडून विनंती करतो: मोटर बसवून झाली की पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या देखत मेन पाडा आणि शटर बाहेरून हातानं उघडून दाखवा. मग खाली दीड इंच जाडीचं लाकूड आडवं ठेवून शटर त्याला टेकताच परत वर जातं का ते दाखवा. हे दोन्ही कसं करायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद शटरशेजारच्या भिंतीवर लावून द्या. यंदाचा कापूस घरात भरायच्या आधी हे झालं तर बरं.

आपला,
एक निवृत्त तारतंत्री
ता. राळेगाव, जि. यवतमाळ