पैसे भरून शी काढायला

केपटाऊन,
5 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबांना सा. न.

फोन होतोच, पण त्यावर बाबा "बरी आहेस ना?" एवढं विचारतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून पत्र. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून कुरिअरने पाठव. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मोबाईलवर वाचत बसू नका.

बाबा, निघताना तुम्ही जे बोललात ते अजून डोक्यात आहे. "पदरचे पैसे भरून पक्ष्यांची शी काढायला एवढ्या लांब? पेंग्विन तर राणीच्या बागेतसुद्धा आहेत." तेव्हा मी चिडले. आता सांगते, शी खरोखरच काढते आणि पैसेही खरोखरच भरलेत. टेबल व्ह्यू भागात सँकॉब म्हणून संस्था आहे, 1968 पासून समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करते. तिथे माझी सकाळ रबरी चटया ब्रशने घासण्यात जाते आणि दुपार टॉवेल धुण्यात. टॉवेल संपत नाहीत. घरी कधी एक बादली कपडे न धुतलेली मी, आईला फोटो पाठवला तर ती दृष्ट काढेल.

राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन, ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे. इथले आफ्रिकन, त्यांचे चुलतभाऊ. बर्फाशी दोघांचाही संबंध नाही. हे वाळूत, झुडपांखाली राहतात आणि ओरडतात हुबेहूब गाढवासारखे. पहिल्या दिवशी मी मागे वळून गाढव शोधलं होतं.

आई, व्हिडिओवर माझ्या दंडावरचे वळ बघून तू घाबरलीस, ते भरवतानाचे आहेत. पाठीमागून अलगद उचलायचं, ठेंगण्या स्टुलावर बसून दोन गुडघ्यांमध्ये धरायचं. जेमतेम तीन किलोचा जीव, पण चोच म्हणजे अडकित्ता. डाव्या हाताने डोकं धरायचं, बोटाने चोच उघडायची आणि मासा डोक्याकडून आत सरकवायचा. शेपटीकडून दिला तर खवले घशात अडकतात. बर्फातल्या माशातलं जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून पहिल्या माशाच्या कल्ल्यात गोळी लपवायची. तू दादाला केळ्यात गोळी घालून द्यायचीस ना, तसंच. अगदी अशक्त असेल त्याला मिक्सरमधून काढलेला मासा नळीने. माझ्याकडे एक आहे, 47 नंबरचा, तो मासा गिळल्यासारखं करतो आणि मी वळले की थुंकतो. गेल्या मंगळवारी पहिल्यांदा त्याने स्वतःहून हातातला मासा ओढून घेतला. मी शेजारच्या जर्मन मुलीला मिठीच मारली, दोघींच्याही अंगाला शी.

आणि मासा कुठला? तारली! बाबा, ज्या तारल्यांसाठी तुम्ही सकाळी सहाला दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन उभे राहता, त्याच जातकुळीतल्या. मी मात्र इथे आल्यापासून एकही खाल्ली नाही. तत्त्व वगैरे काही नाही, वास डोक्यात बसलाय. रायलँड्सला आपल्या लोकांची दुकानं आहेत, तिथून नारळ आणून सोलकढी करते. कोकमं आईने बांधून दिलेली, अजून पुरतायत.

खरं दुखणं त्या तारल्यांचंच आहे. शंभर वर्षांपूर्वी हे पक्षी लाखांनी होते. आधी माणसांनी बेटांवरचा विष्ठेचा थर खतासाठी खरवडून नेला. त्या थरातच बिळं करून हे अंडी घालायचे, ते घरच गेलं. मग कित्येक वर्षं अंडी गोळा करून खाल्ली, ते 1967 साली थांबलं. 2000 साली एक जहाज बुडून तेल पसरलं, तेव्हा 19 हजार तेलकटलेले पेंग्विन हजारो लोकांनी एकेक करून धुतले. तेवढ्यातूनही ते वाचले. पण भुकेला काय करणार? समुद्राचं पाणी बदललं तशी तारली पूर्वेकडे सरकली, आणि जी उरली त्यावर पर्ससीनवाले, मोठ्या जाळ्याने थवाच्या थवा वेढून उचलणारे. आता दहा हजार जोड्यासुद्धा नाहीत. मागच्या वर्षी त्यांचं नाव 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेलं.

पर्ससीन म्हटल्यावर तुम्हाला पुढचं सांगायला नको. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि पर्ससीनवाले यांची भांडणं मी आपल्या ओसरीवर बसून ऐकलीयत. इथे किनाऱ्यावरून ओरडणारा पक्षी होता, म्हणून त्याच्या वतीने सँकॉब आणि आणखी एक संस्था कोर्टात गेल्या. यंदा मार्चमध्ये प्रिटोरियाच्या हायकोर्टात तडजोड झाली. सहा वसाहतींभोवती 2033 पर्यंत तारली आणि मांदेलीच्या भाऊबंदातली अँकोव्ही मारायला बंदी. तुम्ही असता तर म्हणाला असता, कागदावर बंदी आपल्याकडेही आहे. मीही तेच म्हटलं. सगळे हसले, पण जरा कसंनुसंच.

आता मुद्द्यावर येते. दिवाळीनंतर लगेच परत येते म्हणाले होते. इथे आता पिसं गळायचा हंगाम येतोय. या पक्ष्यांची सगळी पिसं एकदम गळतात. नवी येईपर्यंत तीनेक आठवडे पाण्यात जाता येत नाही, म्हणजे उपासच. त्याआधी पोटभर खाऊन अंगावर चरबी चढवावी लागते. ज्यांची पिल्लं उशिरा झाली त्यांची पंचाईत होते. पिल्लू अजून घरट्यात आणि अंगावर पिसं टाकायची वेळ आलेली. शेवटी पिल्लाला सोडून जातात. निर्दय नाहीत गं आई, थांबले तर तेही मरतील. अशी उपाशी पिल्लं वसाहतींवरून गोळा करून इथे आणतात. नोव्हेंबर-डिसेंबरात एकदम गर्दी होते आणि प्रत्येकाला दिवसातून कितीदा तरी भरवायचं. माणसं कमी पडतात. त्यांनी मला विचारलंय, डिसेंबरअखेर थांबशील का. मला थांबायचंय.

पण बाबांचं ऑपरेशन नोव्हेंबरात आहे आणि मी येईन म्हणाले होते. ते विसरले नाहीये. डॉक्टरांना एवढंच विचारा, जानेवारीत केलं तर चालेल का? डोळ्याला धोका आहे म्हणाले तर मी तिकीट बदलत नाही, ठरल्याप्रमाणे येते, इथलं इथले बघतील. चालेल म्हणाले तर 2 जानेवारीला घरी असेन आणि पुढचे दोन महिने थेंब मीच घालेन. आता एवढ्या चोची उघडल्यात, तुमची पापणी काय जड जाणार?

आई, तू मध्ये पडू नकोस. उत्तर बाबांनी द्यायचं, फोनवर, स्वतः.

तुमची,
ताई

ता. क. 47 नंबर सोडायच्या यादीत आलाय. रक्त ठीक निघालं आणि पिसांतून पाणी शिरत नसेल तर पुढच्या आठवड्यात खोक्यात घालून किनाऱ्यावर नेतील. व्हिडिओ पाठवेन, तेवढा दादाच्या लॅपटॉपवर बघा.