हंगामात गावी राहणाऱ्या लेकरांसाठी : ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंदाही दिवाळीच्या आसपास गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतील. आई-बापासोबत फडावर (तोडणी चाललेल्या उसाच्या शेतावर) जायचं की आजीजवळ राहायचं, हा प्रश्न आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या जवळपास निम्म्या लेकरांपुढे पुन्हा उभा राहील. ही लेकरं गावातच राहावीत आणि राहिल्यावर त्यांचं शिकणं आणि सांभाळणं दोन्ही नीट व्हावं, यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आपल्याकडे मदत मागते आहे.

बालाघाटाच्या डोंगरात कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कोयता हाती घ्यावाच लागतो. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी कर्नाटकात. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्र दिलं जातं, तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत राहते आणि ते पत्र पेटीतच राहतं. थोरलं लेकरू कोपीवर (टोळीच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळतं. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ते वर्गात परत येतं तेव्हा दिवाळीआधी येत असलेली हातच्याची वजाबाकी विसरलेलं असतं, जोडाक्षर आलं की वाचताना अडतं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, असं केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट आहे. पहिली, दुसरी, तिसरी अशी तिन्ही वर्षं निम्मी फडावर गेली तर ते आपल्या गावात कसं गाठायचं?

हंगामी वसतिगृहाची योजना आपल्या शाळेत समितीच चालवते. लेकरं रात्री आजी-आजोबांकडे झोपतात, सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात. दुपारचं जेवण पोषण आहारातून मिळतंच, त्यात प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ असतो. अनुदान हाती यायला उशीर होतो, पण गावातले किराणा दुकानदार उधारीवर माल देतात आणि चूल बंद पडत नाही. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. खरी अडचण आहे ती शाळा सुटल्यानंतरच्या तीन-चार तासांची.

आजीला नीट दिसत नाही, अभ्यास घेणारं घरात कुणी नाही आणि नेमकी संध्याकाळीच लाईट जाते. मुलींचे हाल त्याहून जास्त. पाणी भरण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळं त्यांच्यावर येतं, आणि सकाळी त्या पेंगत वर्गात बसतात. शाळेत पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि शिक्षक दोन. ६० पटापर्यंत कायद्याने दोनच मिळतात. एक जण बैठकीला गेले की दुसऱ्यांवर चारही वर्ग. ते मनापासून शिकवतात, पण रात्रीपर्यंत त्यांनीच थांबावं असं म्हणणं न्यायाचं नाही.

म्हणून गेल्या हंगामात बारावी झालेल्या गावातल्या दोन सुनांनी संध्याकाळचा वर्ग घेतला. आधी पाढे आणि वाचन, मग खेळ. साडेसातच्या सुमारास फडावरून फोन येऊ लागतात. प्रत्येक लेकराला आईशी बोलायला मिळतं. फोन ठेवल्यावर लहानगी रडतात, ताई त्यांना जवळ घेऊन बसतात आणि मग ताटं वाढली जातात. हेही शाळेचंच काम आहे, असं आम्ही मानतो. हंगाम संपल्यावर चौथीतल्या एका मुलीने वडिलांनी आणलेल्या उसाच्या वजनाच्या सगळ्या पावत्या ओसरीवर मांडल्या, टनांची बेरीज केली आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिली. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

हा वर्ग यंदाही चालायला हवा. दोघी ताईंना दरमहा प्रत्येकी ३,००० रुपये मानधन द्यायचं म्हटलं तर सहा महिन्यांचे ३६,००० रुपये होतात. गेल्या वर्षी त्यांनी एक रुपयाही घेतला नाही, पण दर वर्षी तसं गृहीत धरणं आम्हाला पटत नाही. शिवाय सोलरचे चार दिवे, डोंगरातल्या थंडीसाठी ४० ब्लँकेटं आणि मोठ्या अक्षरांची गोष्टींची पुस्तकं लागतील. पाठ्यपुस्तकं आणि गणवेश शासनाकडून मिळतात, तेव्हा ते आणि वापरलेले कपडे कृपया पाठवू नयेत.

पैसे देणं जमत नसेल त्यांनी वेळ द्यावा. आपल्या गावची जी मुलं-मुली डॉक्टर झाली आहेत, त्यांनी दिवाळीला आल्यावर अर्धा दिवस काढून लेकरांचे डोळे, दात, वजन तपासावं. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी रात्री-अपरात्री एखाद्या लेकराला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची तयारी ठेवावी. ज्या आज्यांना गोष्टी आणि ओव्या येतात, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेत यावं.

पैसे फक्त समितीच्या बँक खात्यात भरावेत, रोख रक्कम कुणाच्याही हाती देऊ नये. खाते क्रमांक शाळेच्या फलकावर लावला आहे. बाहेरगावच्यांनी मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावा. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. समितीतले काही पालक स्वतः टोळीला जातात. त्या काळात मुख्याध्यापक आणि गावात राहणारे सदस्य मिळून हिशोब ठेवतात. तो २६ जानेवारी आणि १ मे या दोन्ही ग्रामसभांत वाचून दाखवला जाईल.

वस्तू दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पोहोचाव्यात, म्हणजे टोळ्या निघाल्या त्याच संध्याकाळी वर्ग सुरू करता येईल.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा,
ता. धारूर, जि. बीड