आढावा बाहेरच्यांचा, हिशेब कुणाचा?

ब्रिटनने २०२४ मध्ये संरक्षण आढाव्याचे काम माजी संरक्षणमंत्री जॉर्ज रॉबर्टसन, निवृत्त जनरल रिचर्ड बॅरन्स व अभ्यासक फिओना हिल यांच्यावर सोपवले. जून २०२५ मध्ये आलेल्या अहवालातील सर्व ६२ शिफारशी सरकारने मान्य केल्या. पण कोणत्या शस्त्रावर किती खर्च, हे मात्र पुढच्या गुंतवणूक आराखड्यावर ढकलले! २०२७ पर्यंत संरक्षणावर जीडीपीच्या २.५ टक्के खर्च, हे अंथरूण फेब्रुवारीतच शिवून झाले होते. पाय किती पसरायचे एवढेच सल्लागारांनी सांगायचे. बाहेरची माणसे हवीतच. लष्कर स्वतःच्या मागण्यांना आपणहून कात्री लावेल, ही आशा भाबडी. मात्र सल्लागारांचे शस्त्रकंपन्यांशी संबंध आहेत की नाहीत, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर छापावे.

– एक वाचक