रविवारी लोहगड, मळवलीपासून पायी

मंडळी, रविवारी सकाळी पावणेसहाला शिवाजीनगर स्टेशनवर भेटायचं, तिकीट ज्याने त्याने आधीच काढून ठेवा, मागच्या वेळी त्यातच लोकल चुकली. मळवलीला उतरून भाजे गावातून गायमुख खिंडीपर्यंत चढ आहे, मग लोहगडवाडी आणि पुढे पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा असे चारही दरवाजे सावकाश बघू, २०२५ मध्ये गड जागतिक वारशात आलाय, तेव्हा प्लास्टिकचा एक कपटाही वर राहता कामा नये. पावसाने दगडांवर शेवाळ धरलंय, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या पुढे गेलेल्या चिंचोळ्या सोंडेवर, जोराचा वारा असेल तर कडेला कुणीही जाऊ नका प्लीज. पाणी दोन लिटर, डबा घरचा. वाडीत पिठलं-भाकरी हवी असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, मावशींना आकडा कळवायचाय.